चुंबक घडवणारे जिवाणू

कर्करोगाची गाठ आतून तापवायची आणि शेजारच्या निरोगी पेशींना शक्य तितकी कमी झळ लागू द्यायची, ही कल्पना जुनी आहे. तिची एक रीत अशी: चुंबकीय लोहकण मिसळलेला द्रव सुईनं थेट गाठीत सोडायचा आणि बाहेरून तारेच्या वेटोळ्यातून असं चुंबकीय क्षेत्र लावायचं, ज्याची दिशा सेकंदाला लाखाहून जास्त वेळा पालटते. शरीराच्या ऊतींतून हे क्षेत्र जवळपास विनाअडथळा आरपार जातं. लोहकणांना मात्र प्रत्येक पालटीबरोबर स्वतःची चुंबकीय दिशा बदलावी लागते आणि त्या ओढाताणीतली ऊर्जा उष्णतेच्या रूपानं बाहेर पडते. गाठीचं तापमान 42 ते 45 अंश सेल्सियसपर्यंत नेऊन काही काळ तिथे टिकवलं, तर कर्कपेशी दुबळ्या होतात आणि किरणोपचारापुढे लवकर नमतात. बर्लिनच्या मॅगफोर्स या कंपनीच्या अशा कणांना मेंदूतल्या गाठींसाठी युरोपात 2010 मध्ये मान्यता मिळाली. ते कण रसायनशाळेत तयार केलेले होते.

या उपचाराची बरीचशी मदार कणाच्या आकारमानावर आहे. मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजाचा कण साधारण 30 नॅनोमीटरपेक्षा लहान असेल, तर भोवतालची नेहमीची उष्णताच त्याची चुंबकीय दिशा सतत हलवत राहते. बाहेरचं क्षेत्र काढून घेतलं की त्याचं चुंबकत्व उरत नाही. कण 100 नॅनोमीटरच्या पुढे गेला, तर त्याच्या पोटात वेगवेगळ्या दिशांचे चुंबकीय विभाग पडतात आणि ते एकमेकांचा प्रभाव खोडून काढतात. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यातला कण हा एकसंध आणि कायमचा चुंबक असतो. क्षेत्राची दिशा पालटली तरी तो लगेच वळत नाही. काही काळ अडून राहतो आणि जोर पुरेसा वाढला की एकदम उलटतो. त्या अडून राहण्याची किंमत म्हणजेच उष्णता. सेकंदाला लाखो वेळा ती वसूल होते, म्हणून चिमूटभर कणांनी गाठ तापू शकते.

रसायनशाळेत मॅग्नेटाइट बनवणं अवघड नाही. लोहाचे दोन प्रकारचे क्षार पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया घातला की काही मिनिटांत काळा साका खाली बसतो. त्यातले कण मात्र बहुतेक 10 नॅनोमीटरच्या आसपासचे आणि लहानमोठे असतात. मोठे आणि एकसारखे कण हवे असतील तर सेंद्रिय द्रावकात 300 अंशांच्या आसपास तापवण्याच्या पद्धती आहेत. तिथे कणांवर तेलकट थर बसतो, तो काढून त्यांना पाण्यात आणणं हे वेगळंच काम होऊन बसतं. शिवाय हवा तो आकार साधला की दुसरी अडचण उभी राहते. हे कण आता कायमचे चुंबक असल्यामुळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात.

हेच काम 28 ते 30 अंशांच्या साध्या पाण्यात, नेमक्या आकाराचे आणि वरून आवरण असलेले कण घडवून, काही जिवाणू करतात. त्यांचा शोध लागला तो गाळात.

1970 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुड्स होल परिसरातल्या दलदलीचा गाळ रिचर्ड ब्लेकमोर हे संशोधक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना हवे होते दुसरेच जिवाणू. थेंबातले काही जीव सारखे एकाच कडेला पोहत जाऊन तिथे गर्दी करत होते. उजेडामुळे असं होत असेल म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शक झाकून पाहिला, वळवून पाहिला, दुसऱ्या खोलीत नेला. जिवाणूंची दिशा तीच राहिली. मग जवळ चुंबक आणला, तेव्हा सगळा थवा वळला. 1975 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि 'चुंबकानुसारी जिवाणू' हा विषय जगभर सुरू झाला. इटलीत पाविया विद्यापीठातल्या साल्व्हातोरे बेल्लिनी यांनी हेच वर्तन 1963 मध्येच पाहून लिहून ठेवलं होतं. त्यांचं इटालियन लेखन बाहेरच्या जगाला कळलं नाही, इंग्रजी अनुवाद थेट 2009 मध्ये छापून आला. शोधाचा मान दोघांनाही द्यावा, असं मला वाटतं. बेल्लिनींनी तर जिवाणूच्या पोटात चुंबकीय काहीतरी असावं, हा तर्कही केला होता.

जिवाणूला चुंबक कशाला हवा? त्याला अत्यल्प ऑक्सिजन लागतो. वरच्या पाण्यात ऑक्सिजन जास्त, खोल गाळात जवळजवळ नाहीच, आणि त्याला मानवणारा पट्टा या दोहोंच्या सीमेवर असतो. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा उत्तर गोलार्धात उत्तरेकडे जाताना जमिनीत शिरतात. त्या रेषेवर पोहणाऱ्या जिवाणूला सगळीकडे भटकावं लागत नाही, खाली आणि वर इतकाच शोध उरतो. या वळण्यात जिवाणूचा काही प्रयत्न नसतो. मेलेली पेशीसुद्धा चुंबकीय रेषेत उभी राहते, फक्त ती पोहत नाही. असे जिवाणू गोड्या पाण्याच्या आणि समुद्राच्या गाळात जगभर सापडतात. आपल्याकडे लोणारच्या क्षारयुक्त सरोवरातूनही त्यांची नोंद झालेली आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूच्या लांबट देहात काळ्या स्फटिकांची एक रांग दिसते. वीस, तीस, कधी चाळीस स्फटिक, एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर. प्रत्येक स्फटिकाभोवती मेदाचं पातळ पटल असतं. पटलासकट त्या स्फटिकाला मॅग्नेटोसोम म्हणतात. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड गावाजवळच्या रिक नदीच्या गाळातून मिळालेला 'मॅग्नेटोस्पिरिलम ग्रिफिसवाल्डेन्स' हा जिवाणू या अभ्यासात सर्वाधिक वापरला जातो. त्याचे पूर्ण वाढलेले स्फटिक 40 नॅनोमीटरच्या आसपास भरतात. वर सांगितलेल्या सोयीच्या पट्ट्यात ते नेमके बसतात.

हे स्फटिक घडतात कसे, हे आता जरा सावकाश पाहू, कारण वैद्यकातला त्यांचा सगळा उपयोग या घडणीतून येतो.

सुरुवात लोहापासून होत नाही. आधी जागा तयार होते. पेशीचं आतलं पटल ठिकठिकाणी आत ढकललं जातं आणि त्याच्या चिमुकल्या पिशव्या बनतात. पेशी क्षणार्धात गोठवून तिच्या अनेक कोनांतून प्रतिमा घ्यायच्या आणि त्यांवरून त्रिमिती चित्र उभारायचं, या तंत्रानं 2006 मध्ये या पिशव्या स्पष्ट दिसल्या. त्यातल्या काही रिकाम्या होत्या, काहींत छोटा स्फटिक होता, काहींत मोठा. म्हणजे आधी पिशवी आणि नंतर खनिज, हा क्रम पक्का झाला. पिशवी घडवण्यात काही विशिष्ट प्रथिनांचा हात असतो. त्यातलं एखादं महत्त्वाचं प्रथिन काढून टाकलं तर पिशव्याच बनत नाहीत आणि पुढचं सगळं थांबतं.

मग लोह येतं. या जिवाणूंच्या कोरड्या वजनात 2 टक्क्यांहून जास्त लोह असू शकतं. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्या मानानं हे प्रमाण शंभर पटीहून अधिक आहे. इतकं लोह पेशीत मोकळं हिंडू देणं धोक्याचं असतं, कारण मोकळं लोह ऑक्सिजनशी गाठ पडताच अशी आक्रमक संयुगं तयार करतं की त्यांनी डीएनएची मोडतोड होते. म्हणून ते पिशवीत कोंडायचं. पिशवीच्या भिंतीत बसलेली मॅमबी आणि मॅमएम ही प्रथिनं लोह आत ओढतात, असं आजवरच्या प्रयोगांवरून दिसतं.

मॅग्नेटाइटच्या रचनेत लोहाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. तीनपैकी एक लोह फेरस अवस्थेतलं आणि दोन फेरिक अवस्थेतली. हे प्रमाण बिघडलं तर गंजासारखं दुसरंच खनिज तयार होईल आणि त्यात हवं ते चुंबकत्व नसेल. पिशवीत इलेक्ट्रॉन घेणारी-देणारी प्रथिनं असतात, ती फेरस आणि फेरिकचं हे प्रमाण सांभाळतात. आणखी एक अडचण असते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. लोह आणि पाणी यांच्यापासून मॅग्नेटाइटचा प्रत्येक घटक तयार होताना आठ प्रोटॉन सुटतात. ते आतच साठले तर पिशवीतला द्रव आम्लधर्मी होईल आणि आम्लात मॅग्नेटाइट टिकत नाही. म्हणून प्रोटॉन बाहेर काढावे लागतात. हे काम करू शकेल अशा घडणीचं एक प्रथिनही मॅग्नेटोसोम घडवणाऱ्या जनुकांच्या समूहात सापडलं आहे.

स्फटिकाचा आरंभ हीसुद्धा अवघड पायरी असते. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, कारण साखरेला धरायला जागा मिळाली की ती तिथे जमते आणि स्फटिक मोठे होतात. पिशवीच्या आतल्या भिंतीवर एमएमएस6 नावाचं प्रथिन असतं. त्याचं एक टोक लोहाला घट्ट धरतं. हे प्रथिन नसेल तर स्फटिक लहान आणि वेडेवाकडे होतात. ते वेगळं काढून परीक्षानळीत मॅग्नेटाइट घडताना घातलं, तर तिथले कणही अधिक एकसारखे निघतात. मॅमई नावाचं दुसरं प्रथिन इतर प्रथिनं कापण्याचं काम करतं. त्याची कापण्याची शक्ती प्रयोगात काढून घेतली तेव्हा स्फटिक 20 नॅनोमीटरच्या आसपास अडकले, पुढे वाढलेच नाहीत. म्हणजे वाढीच्या वाटेवर पेशी एक टप्पा ठेवते आणि तयारी पुरी झाल्यावरच पुढे जाऊ देते. एवढ्या लहान जीवात इतकी देखरेख असावी, याचं मला आजही नवल वाटतं.

शेवटी रांग. मोकळे सोडले तर हे चुंबक एकमेकांना ओढून गोळा होतील आणि पेशीला दिशा मिळणार नाही. मॅमके या प्रथिनाचे तंतू पेशीच्या लांबीनं पसरलेले असतात आणि मॅमजे हे प्रथिन पिशव्यांना त्या तंतूशी बांधून ठेवतं. मॅमजे काढलं की स्फटिकांचा गठ्ठा होतो. पेशी विभागताना या रांगेचेही दोन भाग करावे लागतात. चुंबकांची साखळी सरळ ताणून तोडायला फार जोर लागेल, म्हणून विभागणारी पेशी मधोमध वाकते आणि साखळी कोनात आणून सोडवते.

या सगळ्याचा आराखडा जिवाणूच्या गुणसूत्रावर बऱ्याच अंशी एकाच भागात, तीसएक जनुकांत लिहिलेला असतो. त्यातला सतरा जनुकांचा एक गट एकटा ठेवला तरी लहान स्फटिक घडतात. बाकीची जनुकं मुख्यतः आकारमान आणि घडण सुधारतात. हे कळल्यामुळे स्फटिकाचं माप जनुकांत बदल करून लहानमोठं करता येतं आणि काही जनुकसमूहांच्या जादा प्रती घालून एका पेशीत दुपटीहून जास्त मॅग्नेटोसोम घडवल्याचंही 2016 मध्ये प्रसिद्ध झालं.

धातूचे सूक्ष्म कण घडवणारे जिवाणू पुष्कळ आहेत, पण सगळेच इतके काटेकोर नसतात. चांदीच्या खाणीतून मिळालेला 'स्यूडोमोनास स्टुट्झेरी' हा जिवाणू चांदीचे स्फटिक 200 नॅनोमीटरपर्यंत वाढवतो, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. चेन्नईच्या आयआयटीतले थलप्पिल प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताकातल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंकडून सोन्या-चांदीचे कण घडवून घेतले. आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या गटानं 2001 पासूनच्या काही वर्षांत बुरशी आणि अॅक्टिनोमायसीट जिवाणू वापरून या क्षेत्राची जगाला ओळख करून दिली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. यातल्या बहुतेक उदाहरणांत पेशी विषारी धातूचं विद्राव्य रूप आपल्या विकरांनी घट्ट कणांत बदलते, म्हणजे स्वतःचा बचाव करते. कणाचं माप हा तिचा हेतू नसतो. त्यामुळे लहानमोठे कण एकत्र निघतात. चांदीच्या कणांचा जखमेवरच्या पट्टीत जंतुनाशक म्हणून उपयोग करायचा असेल तर हा फरक चालून जाईल. शरीरात सोडून अमुक क्षेत्रात अमुक उष्णता मिळाली पाहिजे, अशी अट असेल तेव्हा चालणार नाही.

अशा संशोधनाचं समर्थन करताना 'हरित' पद्धत, पर्यावरणपूरक पद्धत, हे शब्द हमखास वापरले जातात. मला हे समर्थन कमजोर वाटतं. जिवाणू वाढवायलाही पोषकद्रव्यं, वीज, पाणी आणि सफाईची रसायनं लागतात. मॅग्नेटोसोमच्या बाजूनं बोलायचं तर त्याच्या मापातल्या अचूकतेबद्दल बोलावं. रासायनिक पद्धतीला अजून जड जाणारी गोष्ट ती आहे.

आता उत्पादनाकडे येऊ. फर्मेंटरमध्ये पोषक द्रव भरून त्यात हे जिवाणू वाढवतात, लोह सहसा फेरिक सायट्रेटच्या रूपात घालतात. खरी कसरत ऑक्सिजनची असते. हवेतल्या ऑक्सिजनचा दाब 210 मिलिबारच्या आसपास असतो. ग्रिफिसवाल्डेन्स जिवाणू मॅग्नेटाइट बनवतो तो हा दाब 20 मिलिबारच्या खाली आल्यावर आणि सर्वांत चांगला बनवतो पाव मिलिबारला. ऑक्सिजन वाढला तर जिवाणू जगतात, वाढतात, पण पांढरट राहतात, पोटात चुंबक घडवत नाहीत. फार कमी केला तर वाढच मंदावते. म्हणून फर्मेंटरमध्ये ऑक्सिजनचा संवेदक बसवून हवा आणि नायट्रोजन यांचं मिश्रण क्षणोक्षणी बदलत ठेवावं लागतं. 2003 मध्ये जर्मन संशोधकांनी अशा काटेकोर नियंत्रणाखाली लिटरमागे दिवसाला 6.3 मिलिग्रॅम मॅग्नेटाइट मिळवलं. पुढे हा आकडा बराच वाढला, तरी हिशेब अजून मिलिग्रॅमांतच होतो.

चुंबक घडले की नाहीत, हे पाहण्याची एक सुंदर युक्ती आहे. जिवाणूंचा गढूळ द्रव काचेच्या चौकोनी नळीत घेऊन त्यातून प्रकाश सोडायचा आणि बाहेर चुंबक फिरवायचा. पोटात स्फटिक असतील तर सगळे जिवाणू एकदम आडवे किंवा उभे वळतात आणि आरपार येणारा प्रकाश कमीजास्त होतो. दोन स्थितींतल्या मोजमापांचं गुणोत्तर म्हणजे त्या दिवशीच्या पिकाची प्रत.

पीक तयार झालं की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी खाली बसवतात. काळपट चिकट लगदा मिळतो. तो अतिशय उच्च दाबानं अरुंद फटीतून ढकलला की पेशी फुटतात आणि मॅग्नेटोसोम मोकळे होतात. त्यांच्याबरोबर पेशीतलं सगळं बाहेर येतं: प्रथिनं, डीएनए, पटलांचे तुकडे. हे मिश्रण चुंबकांच्या मध्ये बसवलेल्या स्तंभातून ओततात. मॅग्नेटोसोम आत अडकतात, बाकीचं वाहून जातं. क्षारयुक्त द्रवानं अनेकदा धुऊन मग चुंबक बाजूला करतात आणि मॅग्नेटोसोम सोडवून घेतात. त्यानंतर साखरेच्या घट्ट द्रावणाच्या थरावर ठेवून अतिशय वेगानं फिरवतात. मॅग्नेटाइट पाण्याच्या पाचपट जड असल्यानं स्फटिक साखरेचा थर ओलांडून तळाशी जातात, हलका कचरा वरच अडतो.

इथपर्यंतचं काम प्रयोगशाळेसाठी पुरे होतं. रुग्णासाठी ते पुरत नाही, आणि या विषयातली सर्वांत कठीण गाठ इथेच आहे. हे सगळे जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह गटातले आहेत. त्यांच्या बाहेरच्या पटलात मेद आणि शर्करा यांचा एक रेणू असतो, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. आपली प्रतिकारयंत्रणा त्याला आक्रमणाची खूण समजते. अत्यल्प मात्रेतही ताप येतो, मात्रा जास्त झाली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. शिरेतून द्यायच्या औषधांसाठी सर्वमान्य मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे तासाला 5 एकक इतकी आहे. 60 किलोच्या माणसाला तासाला 300 एककं. वजनाच्या भाषेत हे काही दशक नॅनोग्रॅम होतात. पेशी फोडल्यावर एंडोटॉक्सिन सगळ्या मिश्रणात पसरतं आणि मॅग्नेटोसोमच्या मेदाच्या पटलाला चिकटून बसतं. साध्या धुण्यानं ते निघत नाही.

पॅरिसमधले एदुआर आल्फांदेरी आणि त्यांचे सहकारी यांनी यावर धाडसी उपाय काढला. मॅग्नेटोसोमचं मूळ पटल आणि त्याबरोबरचं सगळं जैविक द्रव्य काढून टाकायचं, उरलेल्या शुद्ध स्फटिकांवर माणसाच्या शरीराला चालेल असं आवरण नव्यानं चढवायचं. म्हणजे ज्या पटलामुळे जिवाणूनं घडवलेले कण खास मानले जात होते, तेच टाकून द्यायचं. काहींना हे पटणार नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. जिवाणूनं आपल्याला दिलेली अमूल्य गोष्ट म्हणजे स्फटिकाचं माप आणि त्याची निर्दोष रचना. आवरण माणूस स्वतः तयार करू शकतो, आणि तपासून पाहू शकतो.

स्फटिक खरोखर किती चांगले आहेत, याचा अंदाज 2005 च्या एका मोजणीवरून येतो. 410 किलोहर्ट्झच्या क्षेत्रात मॅग्नेटोसोमनी ग्रॅममागे 960 वॉट उष्णता दिली. त्या काळच्या बहुतेक रासायनिक कणांच्या ती बरीच वर होती. 2011 मध्ये आल्फांदेरी यांच्या गटानं स्तनाच्या कर्करोगाच्या मानवी पेशींपासून उंदरांत वाढवलेल्या गाठींत मॅग्नेटोसोमच्या साखळ्या सोडल्या आणि 200 किलोहर्ट्झच्या आसपासचं क्षेत्र 20-20 मिनिटं तीनदा लावलं. काही उंदरांत गाठ पूर्ण नाहीशी झाली. त्याच प्रयोगात सुटे मॅग्नेटोसोम कमी पडले. साखळीतले कण आधीच एका रांगेत बांधलेले असल्यामुळे त्यांचे गोळे होत नाहीत आणि ते गाठीत समान पसरतात, असं त्याचं कारण दिलं गेलं. 2017 मध्ये नव्या आवरणाच्या कणांनी उंदरांच्या मेंदूतल्या गाठीही नाहीशा झाल्याचं याच गटानं मांडलं.

उंदराकडून माणसाकडे जाताना दोन गोष्टी बदलतात. बदलतं क्षेत्र शरीराच्या ओलसर ऊतींतही भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करतं आणि शरीराचा घेर जितका मोठा तितक्या त्या ऊती जास्त तापतात. उंदराला सोसेल ते क्षेत्र माणसाच्या पोटाभोवती लावता येत नाही. दुसरी गोष्ट वाटपाची. हे कण शिरेतून दिले तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यांतले बहुतेक उचलून घेतात, गाठीपर्यंत थोडेच पोहोचतात. म्हणून गाठीत थेट सुई, आणि म्हणून सुई पोहोचेल अशाच गाठी.

मॉन्ट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये सिल्व्हॅन मार्टेल यांच्या गटानं वाटपाचा प्रश्न वेगळ्याच बाजूनं धरला. त्यांनी कण वेगळे न काढता अख्खा जिवंत जिवाणूच वापरला. 'मॅग्नेटोकोकस मरिनस' हा समुद्री जिवाणू वेगानं पोहतो आणि कमी ऑक्सिजनकडे धाव घेतो. मोठ्या गाठीच्या पोटात रक्तपुरवठा तोकडा असल्यानं ऑक्सिजन कमीच असतो आणि नेमक्या त्या भागात औषधं पोहोचत नाहीत. प्रत्येक जिवाणूला औषधानं भरलेल्या सत्तरएक सूक्ष्म मेदपिशव्या बांधल्या, उंदराच्या गाठीजवळ टोचलं आणि बाहेरच्या चुंबकानं गाठीकडे वळवलं. 2016 च्या त्यांच्या निबंधानुसार 55 टक्क्यांपर्यंत जिवाणू गाठीच्या ऑक्सिजनहीन भागात शिरले. प्रयोग विलक्षण आहे. माणसाच्या शरीरात कोट्यवधी ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू जिवंत सोडायला मात्र कुठलीही नियामक संस्था सहजासहजी तयार होणार नाही, आणि तिनं होऊही नये.

उत्पादन वाढवण्यासाठी 2014 मध्ये मोठं पाऊल पडलं. म्युनिकमधल्या गटानं मॅग्नेटोसोमची जनुकं 'रोडोस्पिरिलम रुब्रम' या प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूत घातली आणि त्यानं खरेखुरे चुंबकीय स्फटिक रांगेत घडवून दाखवले. तोही ग्रॅम-निगेटिव्हच आहे, तेव्हा सफाईचा भार तसाच राहतो. मॅग्नेटोसोमपासून बनलेल्या कोणत्याही औषधाला आजवर मान्यता मिळालेली नाही. मिळवायची असेल तर प्रत्येक खेपेला स्फटिकांचं माप, उष्णता देण्याची क्षमता आणि एंडोटॉक्सिन हे तिन्ही तेच निघतात, हे दाखवावं लागेल. जिवंत पेशीकडून होणाऱ्या उत्पादनात ही अट यंत्रापेक्षा कठीण असते.

म्हणूनच मॅग्नेटोसोमचा पहिला रोजचा उपयोग शरीराबाहेर होईल, असं माझं मत आहे. रक्ततपासणीत एंडोटॉक्सिनची भीती नाही आणि मिलिग्रॅमभर माल पुष्कळ होतो. टोकियोमध्ये तादाशी मात्सुनागा यांच्या गटानं ही वाट फार पूर्वीच आखली. मॅग्नेटोसोमच्या पटलात पक्कं रोवलेलं एखादं प्रथिन निवडायचं आणि त्याच्या जनुकाला प्रतिपिंड धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडायचं. मग जिवाणू स्फटिक घडवतानाच त्याच्यावर प्रतिपिंडासाठी तयार जागा उभ्या करतो, नंतर रसायनांनी चिकटवण्याची गरज उरत नाही. अशा कणांवर हव्या त्या प्रतिपिंडाचा थर देऊन ते रक्तद्रवाच्या थेंबात मिसळतात. शोधायचा रेणू, समजा इन्शुलिन, तिथे असेल तर तो कणांना चिकटतो. नळीच्या कडेला चुंबक लावला की काही वेळात सगळे कण कडेला जमतात, उरलेला द्रव काढून टाकतात, धुतात. मग त्या रेणूला धरणारं आणि प्रकाश देणाऱ्या विकराची जोड असलेलं दुसरं प्रतिपिंड घालतात, पुन्हा धुतात आणि येणारा प्रकाश मोजतात. कण पटलामुळे सुटे राहतात, म्हणून त्यांचा बराचसा पृष्ठभाग रेणू पकडायला मोकळा मिळतो. इथे जिवाणूनं दिलेलं पटल काढून टाकायचं कारण नाही, ते ठेवायचंच आहे.